कालवा, ऊस आणि नगर : प्रवरानगरची उभारणी व वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात तिचा अर्थ

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव व हिंगणघाट यांसारखी नगरे मुख्यतः कापूस आणि रेल्वे यांच्या आधाराने वाढली. १९६५ मध्ये आजच्या सेलू तालुक्यात हिंगणीजवळ बोर नदीवर धरण पूर्ण झाले आणि परिसरातील शेतीला कालव्याचे पाणी मिळाले. सेलू हे तालुक्याचे ठिकाण म्हणून वाढले. तथापि सिंचनातून जन्मलेले स्वतंत्र नगर या लाभक्षेत्रात उभे राहिले नाही. पाणी आले म्हणजे नगर आपोआप घडते, हा समज यामुळे तपासून पाहावा लागतो. त्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरानगरचे उदाहरण उद्बोधक ठरते.

पाणी आणि पीक

प्रवरेचे खोरे पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि ओझर बंधाऱ्यातून निघणाऱ्या डाव्या व उजव्या कालव्यांना खात्रीचा साठा लाभला. दख्खनच्या कालव्यांवरील पाणीवाटपास मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी नीरा कालव्यावर सुरू केलेल्या ‘ब्लॉक’ पद्धतीची पार्श्वभूमी होती. ठरावीक क्षेत्रात पिकांची फेरपालट करून सुमारे एकतृतीयांश भागात ऊस घ्यावा, अशी तिची योजना होती. त्यामुळे ऊस विखुरला न जाता कालव्यालगत एकवटला.

उसाचा एक गुणधर्म येथे निर्णायक ठरला. तोडणीनंतर त्यातील साखरेचा अंश झपाट्याने घटतो. म्हणून शक्यतो चोवीस तासांत त्याचे गाळप व्हावे लागते. कापूस साठविता येतो आणि दूरच्या बाजारी नेता येतो. ऊस थांबत नाही. साहजिकच प्रक्रियेचे केंद्र शेताजवळ असणे अनिवार्य होते.

मालकीचा प्रश्न

जवळीक अपरिहार्य असली तरी मालकी कोणाची, हा प्रश्न उरतोच. १९३२ च्या संरक्षक जकातीनंतर दख्खनमध्ये खासगी साखर कारखान्यांना चालना मिळाली. सामान्य बागायतदार मात्र गुळाच्या अस्थिर भावात व सावकारी कर्जात अडकलेला होता. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये गावात सहकारी पतपेढी स्थापन करून कर्जाच्या प्रश्नास हात घातला होता. १९४५ मध्ये बेलापूर रोड (आजचे श्रीरामपूर) येथे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली बागायतदारांची परिषद भरली व तेथे सहकारी कारखान्याच्या कल्पनेस बळ मिळाले. शेतकऱ्यांचे भागभांडवल, शासनाचा सहभाग आणि औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज यांच्या आधारे १९४८ मध्ये नोंदलेल्या या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये पार पडला. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना होय. प्रारंभीच्या काळात गाडगीळ हेच त्याचे अध्यक्ष होते.

नगराची वाढ

कारखान्याभोवती वसाहत, पेढी, दुकाने व दुरुस्तीच्या कार्यशाळा येणे स्वाभाविक होते. उत्पादक हेच मालक असल्याने नफ्याचा काही भाग त्याच परिसरात गुंतविणे शक्य झाले, हे येथील वाढीचे वैशिष्ट्य होय. १९६४ मध्ये शिक्षणसंस्था आणि १९७२ मध्ये वैद्यकीय न्यास स्थापन झाला. कारखान्याच्या नावाने ओळखली जाणारी वसाहत अशा रीतीने परिसराचे शैक्षणिक व आरोग्यविषयक केंद्र बनली.

या वाढीची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. राज्यातील पिकांखालील क्षेत्राच्या अल्प भागावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो. तसेच बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून येणारे ऊसतोड मजूर हंगामभर कोप्यांमध्ये राहतात. ज्यांच्या श्रमावर साखरनगरे उभी आहेत, त्यांना त्या नगरांत स्थायी स्थान मिळालेले नाही.

वर्ध्याचा संदर्भ

वर्धा जिल्ह्यातील कापूस प्रक्रियेसाठी गावाबाहेर जातो. सेलू परिसरातील केळी नाशवंत खरी, परंतु ती कच्चीच दूरच्या बाजारात पाठविता येते. जामणी येथे सहकारी साखर कारखाना निघाला. पण तो सहकारात टिकला नाही. पाणी होते, मात्र पीक, प्रक्रिया व मालकी यांची साखळी जुळून राहिली नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांच्या विशेष मदतयोजनेत वर्ध्याचा समावेश करावा लागला, हे लक्षात घेता या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट होते.

समारोप

प्रवरानगरचा धडा ऊस लावण्याचा नाही. पाण्याच्या मर्यादा पाहता तसा निष्कर्ष काढणे घातकच ठरेल. पिकाचे मूल्य ज्या टप्प्यावर वाढते, तो टप्पा उत्पादकाच्या मालकीचा व त्याच्या गावाजवळ असावा, हा तो धडा होय. कापसाच्या बाबतीत जिनिंग, सरकीचे तेल व सूत यांचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा. कालवा शेत भिजवितो. नगर मात्र त्या पाण्यातून निर्माण झालेले मूल्य कोणाच्या हाती राहते, यावर उभे राहते.