भंगारातली कॅसेट घेताना

संकेश्वर-निपाणी पट्ट्यात जुन्या कॅसेटी शोधायच्या तर भंगारवाल्याकडे किंवा टेपदुरुस्तीच्या जुन्या दुकानात. मराठी आणि कन्नड भक्तिगीतं एकाच ढिगात निघतात, हे सीमाभागाचं भाग्य.

फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या या कॅसेटची फीत चार मिलिमीटरही रुंद नसते. म्हणून घेण्याआधी खिडकीतून रीळ उजेडात धरून बघा. कडेला पांढरी पूड दिसली तर बहुधा बुरशी; तशीच वाजवली तर टेपचं हेडही खराब होतं. फितीमागे पातळ पट्टीवर चिकटवलेला नमद्याचा इवलासा तुकडा असतो. तो गळाला असेल तर आवाज दबका, अडखळता येतो. ९० मिनिटांची फीत ६० वालीपेक्षा पातळ, त्यामुळे लवकर गुंतते.

ढिगात टीव्ही गेमची कॅसेट सापडली, तर तिच्यात फीत नसते, चिप असते. तिच्या पट्ट्यांवरचा काळेपणा बहुतेकदा स्पिरिटच्या बोळ्याने निघतो.

माझ्या मते खरं मोल छापील कॅसेटीला नाही, पेनाने नाव लिहिलेल्या घरगुती कॅसेटीला. गावातलं भजन, आजीच्या ओव्या यांची दुसरी प्रत कुठेच नसते. अशी कॅसेट हाती आली तर वरच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिक टिकल्या आधी मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. आणि घरातली अशी कॅसेट भंगारात घालण्याआधी मोबाइलवर उतरवून घ्याच.