‘आपल्याच्यानं नाही होणार’: हे वाक्य डोक्यात येतं कुठून?

जून-जुलैत मलकापूरच्या स्टेशनवर थांबलात तर हे दृश्य हमखास दिसेल. बुलढाणा शहरात रेल्वे नाही, त्यामुळे घाटावरची पोरंही गाडी धरायला इथेच उतरतात. पुण्या-मुंबईकडे निघालेल्या मुलाच्या पाठीवर बॅग, वडिलांच्या हातात डब्याची पिशवी आणि सोडायला आलेले तीन-चार मित्र. त्या मित्रांमध्ये एखादा तरी असा असतो, ज्याला बारावीत जाणाऱ्याइतकेच मार्क होते. तू का नाही गेलास, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘आपल्याच्यानं नाही होणार ते, राजा.’

यावर इन्स्टाग्रामचं औषधही ठरलेलं आहे. साखळीला बांधलेला हत्ती, बरणीतल्या पिसवा, मागे ढोल वाजणारं संगीत आणि ‘स्वतःवर विश्वास ठेवा’. रील बघून अर्धा तास बरं वाटतं, मग परत जैसे थे. असं का होतं, याचं उत्तर मानसशास्त्राकडे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ते रीलपेक्षा वेगळं आहे.

कुत्र्यांचा प्रयोग आणि पन्नास वर्षांनी फिरलेला निष्कर्ष

१९६७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी एक प्रयोग केला. आज कुणी करू देणार नाही, असा. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, जे थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. नंतर त्यांना एका पेटीत ठेवलं. मध्ये बुटकी आडभिंत, पलीकडे उडी मारली की झटका बंद. ज्या कुत्र्यांना आधी असा अनुभव आलेला नव्हता ती पटकन उडी मारायला शिकली. आधी झटके खाल्लेली बहुतेक कुत्री मात्र जागेवरच कण्हत बसून राहिली. याला नाव मिळालं ‘शिकलेली असहायता’. तुम्ही ऐकलेली हत्तीची गोष्ट याच कल्पनेची सोपी आवृत्ती आहे.

या गोष्टीचे दोन भाग रीलमध्ये येत नाहीत. पहिला १९६८ चा. बसून राहिलेल्या कुत्र्यांना उठवायचं कसं? आडभिंत काढून पाहिली, पलीकडून हाका मारल्या, खाऊ दाखवला. उपयोग झाला नाही. शेवटी गळ्याला दोरी बांधून त्यांना अक्षरशः ओढत पलीकडे नेलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हळूहळू ओढण्याचा जोर कमी लागू लागला आणि मग ती आपणहून उड्या मारू लागली. म्हणजे प्रोत्साहन देऊन भागलं नाही. पाय प्रत्यक्ष पलीकडे पडावे लागले.

दुसरा भाग त्याहून मोठा आहे. मायर पुढे मेंदूच्या अभ्यासाकडे वळले आणि २०१६ मध्ये या दोघांनी मिळून जाहीर केलं की आपला मूळ निष्कर्ष उलटा होता. लांबलेल्या त्रासापुढे हातपाय गाळणं ही मेंदूची जन्मजात प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘हे माझ्या हातात आहे’ हे. मेंदूचा पुढचा भाग ते अनुभवातून शिकतो आणि मग ती मूळ प्रतिक्रिया दाबून धरतो.

मला हा बदल फार मोलाचा वाटतो. ‘माझ्यात आत्मविश्वासच नाही’ म्हणणारा मुलगा स्वतःत काहीतरी बिघाड आहे असं धरून चालतो. इथे बिघाड काहीच नाही. एक गोष्ट अजून शिकायची राहिली आहे, एवढंच.

अनुभव आधी, विश्वास मागून

ती शिकायची कशी, यावर सगळ्यात भरीव काम अल्बर्ट बांडुरा यांचं. कॅनडातल्या मुंडेअर नावाच्या खेड्यात, जिथे एकच शाळा होती, तिथे ते वाढले आणि पुढे आयुष्यभर स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवलं. १९७७ साली त्यांनी मांडलं की ‘हे मला जमेल’ ही भावना चार वाटांनी येते: स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहणं, कुणीतरी ‘तुला जमेल’ म्हणणं आणि त्या वेळी शरीराची अवस्था. यात सर्वांत जोरदार स्वतः केलेलं काम. शब्दांचा धीर त्यापुढे कमजोर, कारण पहिल्याच अपयशात तो विरून जातो. रील नेमकं हेच कमजोर औषध देतं.

बांडुरांनी सापाची जबर भीती असलेल्या माणसांवर काम केलं होतं. आधी दुसऱ्याने साप हाताळताना काचेपलीकडून बघायचं, मग दारात उभं राहायचं, मग हातमोजा घालून स्पर्श करायचा. अशा पायऱ्यांनी माणसं साप हातात घेऊ लागली. गंमत म्हणजे त्यातल्या काहींना सापाशी संबंध नसलेल्या गोष्टींचंही भय कमी झालं.

शरीराचं थोडक्यात सांगतो. मुलाखतीआधी छाती धडधडली की आपण ‘घाबरलो’ असं वाचतो. २०१४ च्या एका अभ्यासात ॲलिसन वुड ब्रुक्स यांना दिसलं की शांत होण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असं स्वतःला म्हणणाऱ्यांनी भाषण चांगलं केलं. धडधड तीच, नाव वेगळं.

ती चार मिनिटांची गोष्ट

‘दुसऱ्याला पाहून’ हा मुद्दा आला की रॉजर बॅनिस्टर येतोच. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये त्याने एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केला. व्हॉट्सॲपवरची गोष्ट पुढे सांगते की मनातली भिंत पडली आणि वर्षभरात डझनावारी धावपटूंनी तेच केलं.

असं झालं नाही. ४६ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने ३:५७.९ अशी वेळ दिली, हे खरं. पण त्यानंतर नवं तिसरं नाव यायला मे १९५५ चा शेवट उजाडला. त्या दिवशी लंडनमधल्या एकाच शर्यतीत तिघे चार मिनिटांच्या आत आले. शिवाय लँडी आधीपासूनच ४:०२ च्या आसपास धावत होता, आणि विक्रमाच्या दिवशी त्याच्या शर्यतीत ख्रिस चॅटअवेसारखा तगडा प्रतिस्पर्धी होता. मन बदलल्याने काही सेकंद कमी झाले असतीलही. पण आधीची सगळी सेकंदं पायांनी कमी केली होती.

शंका की हिशोब?

आता जरा अप्रिय बाजू. दोन एकर कोरडवाहू कपाशीवर चालणाऱ्या घरातली मुलगी ‘पुण्याला जाणं जमणार नाही’ म्हणते, तेव्हा ती शंका नसते, हिशोब असतो. मेस, खोली, क्लासची फी आणि घरून परवानगी. तिला ‘तुझ्या मर्यादा तुझ्याच मनात आहेत’ असं सांगणं खोटं तर आहेच, थोडं क्रूरही आहे. तिला वसतिगृहाच्या अर्जाची शेवटची तारीख सांगणारा माणूस जास्त कामाचा.

फरक ओळखायला मी एक प्रश्न वापरतो: सांगितलेली अडचण उद्या सुटली, तर परवा तुम्ही फॉर्म भराल का? उत्तर ‘हो’ असेल तर अडचण खरी आहे, तिच्यामागे लागा. फॉर्म भरायच्या विचाराने लगेच दुसरी अडचण आठवली, मग तिसरी, तर मामला वेगळा आहे.

त्या मामल्याला मानसशास्त्रात नाव आहे, स्वतःच स्वतःला अडथळा घालणं. १९७८ साली बर्गलास आणि जोन्स यांनी काही विद्यार्थ्यांना न सुटणारी कोडी दिली आणि तरी ‘छान सोडवलीस’ म्हणून सांगितलं. पुढच्या चाचणीआधी दोन गोळ्यांतून एक निवडायची होती: एक बुद्धी तल्लख करणारी, एक मंद करणारी. अशा फुकटच्या यशानंतर बहुतेक मुलग्यांनी मंद करणारी निवडली. नापास झालो तर दोष गोळीचा! आपल्याकडे गोळी लागत नाही. ‘अभ्यासच केला नव्हता, नाहीतर निघालं असतं’ हे वाक्य पुरतं. कमी अभ्यास करून हरलेल्याची हुशारी कायम शाबूत राहते, म्हणून तर ते आवडतं.

घाट चढून गेल्यावर

बांडुरा म्हणतात तसा ‘आपल्यासारखा माणूस’ मलकापूरकरांना लांब शोधावा लागत नाही. मोताळा मागे टाकून राजूरचा घाट चढला की बुलढाणा. तिथला तिरंदाज प्रथमेश जावकर मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत अंतिम फेरीत उतरला तेव्हा १९ वर्षांचा होता. समोर जगातला पहिल्या क्रमांकाचा कंपाउंड तिरंदाज, नेदरलँड्सचा माइक श्लोसर, ज्याला खेळात ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणतात. ५० मीटरवरून १५ बाण, आणि दहाचं वर्तुळ जेमतेम ८ सेंटीमीटर व्यासाचं. प्रथमेश जिंकला १४९-१४८ असा. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णही आलं, त्याच संघात नागपूरचा ओजस देवतळे होता.

पण या खेळातही शंका असते, आणि ती चांगल्या चांगल्या तिरंदाजांना गाठते. हात तयार, नजर साफ, तरी बाण निशाण्यावर स्थिरावण्याआधीच सुटतो, किंवा धनुष्य मधल्या पिवळ्या वर्तुळावर जातच नाही, खालीच अडकतं. इंग्रजीत याला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. यावर प्रशिक्षक जो जुना उपाय करतात त्यात भाषण नसतं. निशाण्याचा कागदच काढून टाकतात. तिरंदाजाला कोऱ्या गठ्ठ्यासमोर चार-पाच पावलांवर उभं करतात, जिथून चुकणं शक्यच नाही, आणि फक्त ओढायला आणि सोडायला लावतात. असे कित्येक दिवस जातात. मग मोठ्या वर्तुळाचा कागद येतो, मग अंतर थोडं वाढतं. ५० मीटरची रेघ सगळ्यात शेवटी.