उरलेले पाऊण पोते

आमचा अड्याळचा परिसर धानाचा. समजा, १०३० किलो धान ४० किलोच्या पोत्यांत भरले, तर भागाकार येतो २५.७५, पण भरलेली पोती २५च. टेन्सरफ्लो या संगणक-प्रणालीतली ‘फ्लोअर’ ही आज्ञा आकड्यांच्या अख्ख्या रांगेला असेच खालच्या पूर्णांकावर आणते. उणे २.३ चे मात्र उणे ३ होतात, कारण उणे २ ही संख्या त्याहून मोठी.

उरलेला अपूर्णांक क्षुल्लक नसतो. जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झालेल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराच्या निर्देशांकातून दर फेरमोजणीला तीन दशांशस्थळांपुढचे अंक छाटले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास घसरला. खरा होता सुमारे १०९८. पाऊण पोते धान शेतकरी खळ्यावर टाकून येत नाही. म्हणून मी म्हणतो, आकडा खाली आणा, पण उरलेल्याचाही हिशेब ठेवा.