माळ्यावर न चढणारा आहेर

भात झोडून कणगीत पडले आणि तुळशीचे लग्न लागले, की आपल्या शहापूर-मुरबाड भागात लग्नाच्या बैठका सुरू होतात. माघापासून वैशाखापर्यंत एक रविवार मोकळा जात नाही. पत्रिका आली, की घरातली बाई मनाशी हिशेब मांडते : आपल्या मुलीच्या वेळी त्यांनी काय दिले होते आणि आता आपण काय द्यायचे?

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, आज खते-बियाणे बाजूला ठेवून या आहेराविषयी लिहीत आहे. विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण तो नाही. समजा, हंगामात पंधरा लग्ने आली आणि प्रत्येक ठिकाणी तीनशे रुपयांची वस्तू दिली, तर साडेचार हजार रुपये झाले. हे पैसे भात विकून, मजुरी करून, नाहीतर उसने घेऊन उभे राहतात. मग त्यांतून आलेली वस्तू कोठे जाते, हे पाहायला नको का?

बहुतेक वेळा ती माळ्यावर जाते. कोणत्याही घराचा माळा पाहा. चार लेमन सेट, तीन भिंतीवरची घड्याळे, काचेची फुलदाणी आणि प्लॅस्टिकच्या फुलांची एक टोपली तेथे हमखास सापडेल. पुढच्या लग्नात त्यातलेच एखादे खाली उतरते आणि नवा कागद लावून दुसऱ्या माळ्याकडे रवाना होते. दुकानदाराचे भागले, पण नवरीच्या संसाराला काय मिळाले?

वस्तू निवडताना तीन प्रश्न विचारावेत. वर्षातून किती दिवस ती हातात येईल? कोणाच्या हातात येईल, आणि त्या हाताला ती बसेल का? मोडली तर आपल्या बाजारात दुरुस्त होईल का? या तीन प्रश्नांना उतरणारी वस्तू बहुधा देखणीही असते. आपली रोवळीच पाहा. तांदूळ गळू नये इतकी घट्ट आणि पाणी थांबू नये इतकी सैल अशी तिची वीण असते. नक्षी काढलेली नसतानाही ती सुबक दिसते.

स्वयंपाकघरासाठी

पहिली शिफारस लोखंडी कढईची किंवा बिडाच्या तव्याची. देशातील १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमध्ये ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आढळले. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया त्यात आहेत. लोखंडी भांड्यात शिजवलेल्या भाजीत, विशेषतः टोमॅटो, चिंच किंवा आमसूल घातलेल्या भाजीत, थोडे लोह उतरते. रक्तक्षय झालेलीने औषध घ्यायलाच हवे, पण रोजच्या कढईची मदत होते. कढई देताना दोन गोष्टी सांगून द्या. शिजलेली भाजी तीत रात्रभर ठेवू नये, काळी पडते. धुतल्यावर पुसून तेलाचा हात फिरवावा, गंज चढत नाही.

दुसरी वस्तू प्रेशर कुकर. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते आणि तूर, वाल, हरभरा लवकर शिजतो. गॅस असो वा चूल, इंधन वाचते. पण सासरी सात माणसे असतील, तर तीन लिटरचा कुकर शोभेलाच राहणार. माणसे मोजून माप घ्या, आयएसआय खूण पाहा आणि सोबत एक जादा रबरी रिंग व सुरक्षा व्हॉल्व द्या. रिंग फाटली म्हणून बंद पडलेले कुकर खेड्यात कमी नाहीत. शे-दोनशे रुपयांची ही पुरवणी कुकरचे आयुष्य वाढवते.

पितळी पातेले रुबाबदार खरे, पण स्वयंपाकासाठी त्याला वेळोवेळी कल्हई लागते. आंबट पदार्थ उघड्या पितळेत किंवा तांब्यात ठेवणे बरे नाही. ज्या गावात कल्हईवाला फिरकत नाही, तेथे पितळी पातेले देऊन नवरीची अडचण करू नये. तसेच ज्या घरात उभ्याचा ओटा आहे, तेथे विळीपेक्षा चांगली सुरी बरी.

सूप, रोवळी आणि टोपली मात्र डोळे झाकून द्या. नाही, डोळे उघडून द्या. बांबूतून बारीक पीठ गळत असेल, तर आत भुंगेरा आहे. काठ दाबून पाहा, बांधणी हलता कामा नये. सूप उजेडाकडे धरा, वीण सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. आपल्याकडचे बुरूड आणि पाड्यांवरची काही कुटुंबे हे काम करतात. त्यांना आठवडाभर आधी सांगितले, तर हव्या त्या मापाची वस्तू मिळते आणि आहेराचा पैसा तालुक्यातच राहतो.

घरासाठी

एकट्याने न झेपणारा पण सर्वांत उपयोगी आहेर म्हणजे पत्र्याची धान्यकोठी. कणगीला उंदीर भोक पाडतो, कोठीला पाडू शकत नाही. तीन क्विंटलची कोठी छोट्या कुटुंबाला पुष्कळ झाली. पाच घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक द्यावी. पाच लेमन सेट देण्यापेक्षा ते शहाणपणाचे आहे. कोठीत भात भरण्यापूर्वी तो नीट वाळवा, ओलावा साधारण १२ टक्के असावा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला, की वाळला असे समजा. कोठी लाकडी पाटांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका आणि चुलीजवळ तर मुळीच नको.

दुसरी वस्तू ऐकून कोणी हसेल, पण मी ती पुन्हा पुन्हा सुचवतो : चांगली मच्छरदाणी. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. त्यांत खेड्यातली, शेतावर राबणारी माणसे अधिक. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप. यांपैकी मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश दुखत नसल्याने माणसाला पुष्कळदा कळतही नाही. मच्छरदाणी गादीखाली चहूबाजूंनी खोचली, की डास आणि मण्यार दोन्ही बाहेर राहतात. तिच्याबरोबर एक बॅटरी द्या. सासर शेतकऱ्याचे असेल तर गमबुटांचा जोडही द्या. बुटांचा नंबर आधी विचारा. दुकानात पुरुषांचेच नंबर फार असतात आणि पायात सैल बसणारा बूट चिखलात रुतून राहतो.

त्याच हिशेबाने वैभव विळ्याची जोडी द्या. दातेरी पात्याचा हा विळा वजनाला हलका असतो आणि त्याला वारंवार धार लावावी लागत नाही. त्याने भात जमिनीलगत कापता येते. पेंढा जास्त मिळतो आणि धसकटात दडणारी खोडकिड्याची अळीही कमी राहते. कापणीत वाकलेली बाई या आहेराची किंमत बरोबर सांगेल.

भिंतीवर काही शोभेचे हवेच असेल, तर छापील चित्राऐवजी वारली चित्र घ्या. हे चित्र मुळी लग्नातलेच आहे. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने मातीच्या भिंतीवर चौक काढतात आणि त्यात पालघट देवी असते. २०११ साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, आणि २०१४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. लग्नाचा चौक हा त्यांचा देव आहे, तो पाटावर किंवा पायपुसण्यावर काढायला सांगू नये. शेत, झाडे, तारपा-नाच यांचे चित्र मागा, ते चित्रकाराच्या हातूनच घ्या आणि घासाघीस करू नका.

कपड्यांच्या पेटीसाठी

आपल्या भागात सर्वांत जास्त प्रवास कोण करत असेल, तर ओटीचा खण. एका ओटीतून दुसऱ्या ओटीत तो वर्षभर फिरतो, कारण कापड इतके अपुरे आणि विरळ असते, की चोळी शिवताच येत नाही. पाच निकृष्ट खणांऐवजी एकच पुरेसा सुती खण द्या. तो शिवला जाईल आणि अंगावर दिसेल.

नवरीच्या अंगावरच्या भारी साडीची चिंता सगळे करतात, रोजच्या कपड्यांची कोणी करत नाही. शेतात घालायचा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा हा बाईसाठी उत्तम आहेर आहे. भाताच्या धारदार पातीने हात कापत नाहीत, ऊन लागत नाही. परकर शिवून देणार असाल, तर त्याला आतून खिसा लावायला शिंप्याला सांगा. बाजारात, एसटीत पैसे आणि मोबाईल ठेवायला बाईला जागा नसते, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

घोंगडी घ्यायची, तर जवळच उत्तम ठिकाण आहे. मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते. तिचा बैलबाजार प्रसिद्ध आहे, तशाच तेथल्या घोंगड्याही. लग्नसराई पुढे असते, तेव्हा खरेदी यात्रेतच उरका. अस्सल लोकरीची परीक्षा सोपी आहे. घोंगडीचे एक सूत मागून घ्या आणि पेटवा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर लोकर. वितळून कडक गोळी झाली, तर कृत्रिम धागा. नवी घोंगडी टोचते, कारण तिला चिंचोक्याची खळ असते. वापराने ती मऊ होते.

फळीवरच्या पुस्तकांसाठी

घरात एक फळी पुस्तकांची असावी. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले. मापे वाटी-चमच्याची असल्यामुळे नवख्या मुलीलाही ते समजते. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ (१९३५) कोकणातल्या गरीब घराचेच आहे. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली छापली गेली. ती रचणारी शेतकरी बाई लिहावाचायला शिकलेली नव्हती आणि पुस्तक पाहायला हयातही नव्हती. नव्या नवरीने ते सासूला वाचून दाखवावे, दोघींना एकमेकींजवळ बसायला निमित्त होईल.

बारशाला जाणार असाल, तर अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ बाळाच्या आईला द्या. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले. तेव्हा हा भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. शिंपले, बिया, पाने, दगड यांतून त्यांनी मुलांना मोजायला आणि ओळखायला शिकवले. बाळासाठी महाग खेळणे हवेच असे नाही, हे त्यातून उमगते. शेतकरी नवरदेवाला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी द्या. तीत पिकांची माहितीही मिळते आणि खर्चही टिपता येतो.

शेवटी एक कागद

आहेर कोणाचा, हे लिहून ठेवण्याची आपली पद्धत जुनी आहे, पण ती वही परतफेडीसाठी असते. कायद्याला हवी असलेली यादी निराळी. हुंडाबंदी कायदा १९६१ चा. हुंडा देणे-घेणे गुन्हाच आहे. न मागता आलेल्या भेटींना मनाई नाही, मात्र त्यांची यादी करण्याचे नियम २ ऑक्टोबर १९८५ पासून लागू आहेत. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते असल्यास ते लिहावे, खाली वधू-वर दोघांनी सही करावी. वधूला आलेल्या भेटींची यादी वधूजवळ राहते. स्त्रीधन हे तिच्या एकटीच्या मालकीचे असते, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ साली स्पष्ट केले. संसार सुखाचा झाला, तर कागद पेटीत पडून राहील. दिवस फिरले, तर कढईपासून कोठीपर्यंत आपले काय, हे त्या मुलीला सांगता येईल. ही यादी करण्यात अविश्वास नाही. सातबारा आपण काही भावावर संशय म्हणून काढत नाही.

आता पुढची पत्रिका आली, की दुकानात जाण्यापूर्वी नवरीच्या आईला, शक्य तर नवरीलाच, विचारा : “बाई गं, तुझ्या नव्या घरात काय नाही?” पहिल्यांदा ती लाजेल, “काही नको, तुम्ही या” म्हणेल. पुन्हा विचारा. मग ती सांगेल, आणि तेच द्या.