आकाशातील गोंगाट आणि कानांचा हिशेब

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या व्यापारी घरांतून कोणी ना कोणी सहारच्या विमानतळाकडे निघालेलेच असते. कोणी हाँगकाँगला, कोणी अँटवर्पला, कोणी न्यूयॉर्कला लेकीकडे. मुंबई ते न्यूयॉर्क थेट प्रवास सुमारे १६ तासांचा. एवढा निवांत वेळ एरवी कुठला मिळायला, म्हणून स्तवने, प्रवचने, एखादा आवडता राग सोबत घेतला जातो. पण घरी स्वच्छ ऐकू येणारा तंबोऱ्याचा खर्ज विमानात हरवतो आणि बोट आपोआप आवाज वाढवू लागते.

विमानात साधारणतः ८० ते ८५ डेसिबल इतका अखंड घोष असतो. त्यातला मोठा भाग खालच्या पट्टीचा, म्हणून तबल्याचा बायाँ आणि खर्ज तो आधी गिळतो. त्यावर मात करण्यासाठी आपण ९० डेसिबलपर्यंत सहज जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० ला उरतात जेमतेम ४ तास. म्हणजे आठवड्याचे भांडवल प्रवासाच्या पहिल्या चतुर्थांशातच संपते, आणि कानाच्या आतील नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

या अडचणीवरचा तोडगा विमानातच सुचला, हे विशेष. अमर बोस हे अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक. वडील बंगालचे स्वातंत्र्यसैनिक. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानातले हेडफोन कानाला लावून त्यांची घोर निराशा झाली आणि तिथेच त्यांनी गणिते मांडली. बाहेरचा आवाज सूक्ष्म माइकने टिपायचा आणि त्याच्या नेमकी उलट लहर कानाजवळ निर्माण करायची, की दोन्ही एकमेकींना खोडतात. १९८६ मध्ये इंधन न भरता, कुठेही न उतरता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’ विमानाच्या वैमानिकांनी असे प्रायोगिक हेडफोन वापरले होते.

मात्र ही युक्ती इंजिनाच्या एकसुरी घोषावर चालते. शेजारच्या बाळाच्या रडण्यावर फारशी नाही. त्यासाठी कानात घट्ट बसणारी, फोमच्या टोकाची साधी इअरफोन जोडीही उत्तम, आणि किंमतही आटोपशीर. महागडा प्लेअर मात्र केवळ विमानासाठी घेऊ नये. ध्वनिमुद्रणातील जे बारकावे त्यातून मिळतात, ते या घोषात बुडतातच. पैसा कानाजवळच्या वस्तूवर खर्चावा.

खरेदी करताना आपल्या घरांत एक प्रश्न अवश्य विचारला जावा: कानावरची गादी कशाची? काही उंची हेडफोनांना मेंढीचे कातडे असते. ‘प्रोटीन लेदर’ हे कृत्रिम चामडे असले, तरी काही प्रकारांत प्राणिजन्य प्रथिन मिसळलेले असते. दुकानदाराला ठाऊक नसेल, तर कापडी गादी घ्यावी.

आसनासमोरच्या पडद्याला बिनतारी हेडफोन बहुधा जोडता येत नाहीत. तार आणि दुहेरी पिनेचा जोड पिशवीत असावा. ऐकायचे ते सारे घरीच उतरवून घ्यावे. पॉवर बँक सामानात न देता हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते. आणि लहान मुलांसाठी मर्यादा ८० ची नव्हे, ७५ डेसिबलची आहे. बऱ्याच फोनमध्ये ती आधीच बांधून ठेवता येते.