रोमन भिंतींचे कान

ध्वनिक्षेपक नसताना हजारो प्रेक्षकांपर्यंत नटाचा शब्द पोहोचत कसा असे? प्राचीन रोमन नाट्यगृहांचे अवशेष पाहणाऱ्याला हा प्रश्न हमखास पडतो. उत्तरादाखल बहुधा कांस्यपात्रांची सुरस कथा सांगितली जाते. खरे श्रेय मात्र भिंतींना आणि भूमितीला द्यावे लागते.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या पाचव्या खंडात सार्वजनिक इमारतींचा विचार केला आहे. पाण्यात दगड टाकल्यावर वर्तुळे उमटतात, तसा आवाज पसरतो. मात्र तो आडवा पसरतो तसाच वरही चढतो, असे तो सांगतो. म्हणूनच तळच्या पायरीपासून सर्वांत वरच्या पायरीपर्यंत दोरी ताणली, तर ती प्रत्येक पायरीच्या कडेला टेकली पाहिजे. एखादी पायरी जास्त उंच झाली, की आवाज तेथेच अडला.

ग्रीक नाट्यगृहे डोंगरउतारावर, बरीचशी मोकळी असत. रोमनांनी रंगमंचामागे उंच भिंत उभारून ती प्रेक्षागाराला जोडली. तुर्कस्तानातील अ‍ॅस्पेंडॉस येथे दुसऱ्या शतकातील अशी भिंत आजही उभी आहे. भिंतीवरून परतलेला आवाज सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात कानी आला, तर तो मूळ आवाजात मिसळून त्याला बळ देतो. त्याहून उशिरा आला, तर शब्द पुसट होतात. बंदिस्त रचनेमुळे आवाज अधिक काळ घुमतो. गायनाला हे मानवते, जलद संवादांना तेवढे नाही. २००३ ते २००६ या काळात युरोपीय संघाच्या साहाय्याने झालेल्या 'एराटो' प्रकल्पात अ‍ॅस्पेंडॉस व जॉर्डनमधील जेराश येथील नाट्यगृहांच्या ध्वनीचा संगणकीय प्रतिकृतींद्वारे अभ्यास झाला. अर्थात, आज रिकाम्या दगडी पायऱ्यांवर ऐकू येते ते प्राचीन रोमनांनी ऐकलेले नव्हे. गर्दी आणि तिच्या अंगावरची वस्त्रे आवाज शोषून घेतात.

आता ती कांस्यपात्रे. ठरावीक स्वरांत जुळवलेली पात्रे आसनांखालच्या कोनाड्यांत ठेवावीत, असे विट्रुव्हियस लिहितो. पण रोममध्ये ती नव्हती, हेही तोच मान्य करतो. तेथील लाकडी नाट्यगृहांच्या फळ्याच आवाजाला साथ देत, असे त्याचे स्पष्टीकरण. शिवाय पात्र स्वतः नवी ऊर्जा निर्माण करू शकत नाही. त्याचा परिणाम बेताचाच असणार.

नाटकातला शब्द हुकला तर रसभंग होतो, सिनेटमधला हुकला तर राज्यकारभाराचा प्रश्न! त्यामुळे सभागृहाबाबत विट्रुव्हियसने दिलेला सल्ला अधिक मोलाचा वाटतो. भिंतींच्या मध्यावर पुढे आलेला पट्टा काढावा, नाहीतर वक्त्यांचे शब्द उंच छताकडे जाऊन विरतील. छताची उंची किती असावी? लांबी-रुंदीच्या बेरजेच्या निम्मी. रोमच्या फोरममधील 'क्युरिया जुलिया' हे सिनेटगृह इसवी सन २८३ च्या आगीनंतर पुन्हा बांधले गेले. त्याची लांबी सुमारे २५ मीटर, रुंदी १८ मीटर आणि उंची २१ मीटर आहे.