मेल्याच्या सोंगाची किंमत

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. मरणाचे सोंग तर काही पतंगही आणतात. इंग्लंडमध्ये सर्वत्र आढळणारा, पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके असलेला ‘व्हाइट अर्माइन’ हा पतंग धक्का लागताच पाय मुडपून खाली पडतो आणि निपचित राहतो.

ही मृत्यूची हुबेहूब नक्कल असावी, असे कोणालाही वाटेल. चार्ल्स डार्विनने मात्र ते गृहीत धरले नाही. सोंग घेणाऱ्या १७ प्रकारच्या लहान जीवांची पडण्याची ढब त्याने टिपून ठेवली आणि त्यांपैकी काही खरोखर मेल्यावर कसे दिसतात, तेही पाहिले. एकाही बाबतीत दोन्ही ढबी तंतोतंत जुळल्या नाहीत. त्याच्या निधनानंतर, १८८३ मध्ये रोमेन्सच्या ग्रंथात हे टिपण प्रसिद्ध झाले. म्हणजे येथे अभिनय असा नाहीच. आहे ती केवळ निश्चलता. या पतंगाचे तर पडल्यावर पिवळे पोट उघडे दिसते. तो शत्रूला चवीला नकोसा असल्याने हा पिवळा रंग जणू दुकानावरची पाटीच ठरतो. लपण्याचा हा प्रकार नव्हे!

परंतु निश्चल राहणे फुकट पडते काय? याचा हिशेब पतंगावर नव्हे, पिठात होणाऱ्या तांबूस किड्यावर मांडला गेला. जपानमधील मियाताके व त्यांचे सहकारी यांनी निवड करीत या किड्यांचे दोन वंश वाढविले. एक दीर्घकाळ सोंग घेणारा, दुसरा क्षणभरच. उडी मारून भक्ष्य पकडणाऱ्या कोळ्यासमोर पहिल्या वंशातील किडे अधिक संख्येने वाचले, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. नफ्याची बाजू झाली ही. खर्चाची बाजू २०१० मध्ये पुढे आली: त्याच वंशातील नर एरवीही कमी हिंडतात, त्यामुळे त्यांना माद्या कमी मिळतात. जेथे कोळीच नाही, तेथे ही सावधगिरी निव्वळ तोट्याची.

पतंगाला तर वेळेची चणचण अधिकच. पंख फुटल्यानंतर ‘व्हाइट अर्माइन’ अन्न घेत नाही. सुरवंट असताना साठविलेल्या पुंजीवरच त्याला जोडीदार शोधावा लागतो, मादीला अंडी घालावी लागतात. जमिनीवर निपचित घालविलेले प्रत्येक मिनिट त्याच पुंजीतून वजा होत असते.